बुडबुड्याचं केंद्रक

आठवीच्या प्रयोगवह्या तपासायला घेतल्या की बहुतेक वह्यांत सूक्ष्मदर्शीतून पाहून काढायच्या कांद्याच्या पेशी एका साच्यातून काढल्यासारख्या असतात. विटांची भिंत, प्रत्येक विटेत एक ठिपका, उजवीकडे सरळ रेषेत नावं. पुस्तकातली आकृती जशीच्या तशी. एखाद्याच वहीत जाड काळ्या कडेचा, गरगरीत गोल असतो आणि त्याला बाण काढून लिहिलेलं असतं, ‘केंद्रक’.

तो हवेचा बुडबुडा. पापुद्र्यावर ठेवायची पातळ आच्छादन काच, म्हणजे कव्हरस्लिप, वरून सपाट टाकली की हवा खाली अडकते. काचेची एक कड आधी पाण्याला टेकवायची, साधारण ४५ अंशांत तिरकी धरायची आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची, म्हणजे पाणी हवेला पुढे ढकलत जातं. ऐकायला सोपं, साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला सुई मिळाली तर.

खरी गडबड त्याआधीच सुरू होते. कांदा चार फोडींत कापायचा, एक मांसल पाकळी घ्यायची आणि तिच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा काढायचा. पाकळी मध्ये मोडली की तो आपणहून सुटतो, सेलोफेनसारखा. तो लगेच पाण्यात टाकावा लागतो. हातात धरून गप्पा मारल्या की सुकतो आणि गुंडाळतो. मग घडी पडते, दोन थर एकावर एक येतात आणि पेशींच्या जागी नुसती मच्छरदाणी दिसते. पाच मिलिमीटरचा चौकोन पुरे. पोरं मात्र अख्खी काचपट्टी भरेल एवढा तुकडा अंथरतात.

कापताना डोळ्यांत पाणी येतं, त्याचाही धडा होतो. एन्झाइम पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत, आणि गंधकयुक्त पदार्थ पेशीद्रव्यात, असे दोघे वेगळ्या खोल्यांत राहतात. सुरीने भिंत फोडली की एकत्र येतात आणि डोळे झोंबवणारा वायू तयार होतो. पेशीत कप्पे असतात हे फळ्यावर कितीही लिहा, रडणाऱ्या वर्गाला ते जास्त पटतं.

पेशी रंगवायला आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं हवं, एक थेंब, दोन मिनिटं. जास्तीचं पलीकडच्या कडेला टिपकागद लावून ओढून घ्यायचं, नाहीतर सगळंच तपकिरी दिसतं. दहाची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) आणि दहाचं वस्तुभिंग (काचपट्टीकडचं) म्हणजे शंभर पट, तेवढं भरपूर झालं. भिंग खाली आणताना डोळा नेत्रिकेला लावू नये, बाजूने बघावं. कव्हरस्लिपा इथेच फुटतात. नीट जमलं की पिवळसर केंद्रक दिसतं, बहुधा पेशीच्या कडेला सरकलेलं, कारण मधली जागा रिक्तिकेने बळकावलेली असते. हरितलवक, म्हणजे पानातल्या पेशींतले हिरवे कण, मात्र शोधू नयेत. कांदा मातीत, अंधारात वाढलेला; आकृतीत ते हिरवे ठिपके आले तर समजावं, ते दुसऱ्याच पानावरून आले आहेत. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचात पाहिल्या त्या तर मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. केंद्रकाला नाव मिळायला १८३१ साल आणि रॉबर्ट ब्राउन उजाडावे लागले.

तासिका ३५ मिनिटांची, सूक्ष्मदर्शी एक, मुलं साठ. प्रत्येकाला अर्धं मिनिट धरलं तरी ३० मिनिटं गेली, पापुद्रा काढायचा कधी? अर्ध्या मिनिटात डोळा मिटायचा कोणता हेच ठरत नाही. नेत्रिकेवर मोबाइलचा कॅमेरा टेकवून चित्र मोठ्या पडद्यावर दाखवणं हा त्यातल्या त्यात बरा तोडगा. पण स्वतः स्क्रू फिरवताना धुक्यातून रेषा उमटते ती मजा पडद्यावर नाही.

केंद्रक की बुडबुडा, हे ठरवायला काचेवर सुईचं टोक हलकेच दाबायचं. बुडबुडा ताणला जातो, सरकतो. शिवाय तो चार-पाच पेशींच्या भिंतींवर खुशाल पसरलेला असतो. केंद्रक आपली पेशी सोडत नाही.

त्या काळ्या गोलाच्या वहीला गुण कापायचे ते नावाचे, अर्धा. आकृतीचे पूर्ण द्यावेत. त्या पोराने भिंगातून पाहिलं तेच काढलंय. बाकीच्या सुबक विटांना काय द्यायचं, हा प्रश्न जास्त अवघड आहे.