वहिनींचं मंगळसूत्र
काल साताऱ्यात धनिणीच्या बागेवरून, जिथं कर्मवीर अण्णांचं म्हणजे भाऊराव पाटलांचं बोर्डिंग होतं, जाताना परत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. कर्मवीर अण्णांचं नाव सगळ्यांना पाठ, पण १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं तेव्हा सगळ्या जातीची पोरं एकत्र जेवायची आणि त्यांचं सगळं बघायच्या त्या लक्ष्मीवहिनी, स्वतः सोवळ्याओवळ्यातल्या जैन घरातल्या, तरी पोरांत भेद नाही केला. पैसे संपले की एकेक दागिना मोडायचा, आणि शेवटी पोरं उपाशी राहू नयेत म्हणून चक्क गळ्यातलं मंगळसूत्र दिलं हो! त्या काळात, सवाष्ण बाईनं! मला तर वाचतानाच भरून येतं. १९२७ ला गांधीजी बोर्डिंगला आले त्याचे उल्लेख सगळीकडे सापडतात, वहिनींवर मात्र दोनच ओळी. १९३० मध्ये त्या गेल्या.