रंगूनहून आलेला विद्यार्थी

आपल्या शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात जून १९४२ मधील माझ्या नावापुढे, आधीच्या शाळेच्या रकान्यात, ‘रंगून’ असे लिहिलेले आहे. स्मरणिकेच्या संपादकांना ती नोंद आढळली आणि तिच्यामागची हकीकत मीच लिहावी असा त्यांनी आग्रह धरला.

माझे वडील ब्रह्मदेशात, रंगूनमधील एका व्यापारी पेढीत हिशेबनीस होते. १९३१ च्या शिरगणतीनुसार त्या शहरातील निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांची होती. बंदरावरचे हमाल बहुतांशी तेलुगू, मुगल स्ट्रीटवर चेट्टियार आणि गुजराती व्यापारी, आणि आमच्यासारखी मराठी घरे अगदी थोडी. जपान युद्धात उतरून पंधरवडा झाला होता, तरी युद्ध ही वर्तमानपत्रातली गोष्ट आहे असेच मोठी माणसे बोलत.

२३ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी दहाच्या सुमारास भोंगे वाजले, तेव्हा लोक घरात शिरण्याऐवजी विमाने पाहायला रस्त्यावर आणि गच्च्यांवर आले. मी आईबरोबर बाजारात होतो. निळ्या आकाशात फार उंचावरून विमानांची रांग शिस्तीने येत होती आणि लोक बोटे दाखवून ती मोजत होते. शेजारी हातगाडीपाशी उभ्या असलेल्या एका तेलुगू हमालाने काहीतरी ओरडून आम्हा दोघांना गटाराकडे ढकलले आणि तो स्वतःही आडवा झाला. पुढे कळले की त्या दिवशी टाकलेल्या बाँबपैकी पुष्कळ बाँब खोल खड्डा न पाडता जमिनीसरसे फुटून लोखंडाच्या चिपा चहूकडे भिरकावणारे होते. त्यामुळे उभ्या माणसाला चिपा लागत आणि निजलेल्याच्या वरून निघून जात. आम्ही उठलो तेव्हा हातगाडीची वरची फळी चिरफाळली होती आणि तिच्याखालच्या टोपलीतली वांगी जशीच्या तशी होती. रस्त्यावर जे दिसले ते मी घरातही कधी पुरते सांगितलेले नाही. त्या एका दिवसात हजाराहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतली कितीतरी केवळ पाहत उभी राहिल्यामुळे मेली, असे माझे आजही मत आहे.

नाताळच्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. हमाल आणि झाडूवाले जीव घेऊन शहराबाहेर पडल्यावर बंदरात माल आणि गल्ल्यांत कचरा साचत गेला. जानेवारीत वडिलांनी आईला, मला आणि थोरल्या भावाला कलकत्त्याच्या बोटीत डेकवर बसवून दिले, आणि हावड्याहून बंगाल-नागपूर रेल्वेने आम्ही नागपूरच्या महाल भागातील मामांच्या वाड्यात पोहोचलो. वडील मे महिन्यात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरील तमूच्या वाटेने मणिपुरात उतरले. ती पायपीट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली आणि विषय संपवला.

शाळेत सुरुवातीला एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की मी बाकाखाली जात असे. मुले हसत. कवायतीच्या गुरुजींनी मात्र मला पुढे बोलावून, बाँब पडताना निजायचे कसे, ते वर्गाला करून दाखवायला सांगितले. कोपरे टेकून छाती जमिनीपासून किंचित उचललेली, बोटे कानांत, दातांत रुमाल धरून तोंड उघडे, हे रंगूनच्या शाळेत पहिल्या हल्ल्यानंतर शिकवलेले सारे मी दाखवले, आणि गुरुजींनी अख्खा वर्ग मैदानावर पालथा घातला. हसणे त्या दिवसापासून थांबले, कारण आता सर्वांचेच सदरे मळले होते.

ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची चळवळ पेटली, शाळा बंद झाली आणि नागपुरात गोळीबार झाले. एका दुपारी वाड्याच्या बाहेर आवाज झाला तसे मामा, मामी, भाऊ असे सगळे पाहायला खिडकीकडे धावले. मी भावाचा पाय धरून त्याला खाली ओढले. त्याचे कपाळ उंबरठ्यावर आपटून खोक पडली, आणि हळद दाबताना मामी मला रागावत असता आईने उठून खिडकी लावून घेतली.