कोणतं किट घेऊ, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पालकसभेत, बसस्टँडवर, विज्ञान प्रदर्शनाच्या मांडवात प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पोरगं रोबोट करायचा म्हणायलंय. कोणतं किट घेऊन देऊ?" उदगीरकडच्या एका हायस्कुलात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. आधी किट घेऊच नका. दोन मोटरा, दोन चाकं आणि एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज नि विद्युतधारा मोजायचं यंत्र, घ्या.

किटशी माझं वैर नाही. पण त्यात सगळं मापात कापून आलेलं असतं, प्रोग्रामही आयता. लेकरू चित्र बघून स्क्रू आवळतं, संध्याकाळी गाडी पळते, घरात कौतुक होतं. आठवड्यानं ती बंद पडली की खोकं माळ्यावर. बिघाड शोधायचा कसा, ते त्या खोक्यात नसतं.

पहिली गाडी बिनबोर्डाची करा, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या सर्किटशिवाय. पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरवाल्या मोटरा मिळतात, दुकानदार त्यांना बीओ मोटर म्हणतात. सनमायकाचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा, मागं दोन चाकं, पुढं टेकू म्हणून रोल-ऑनच्या बाटलीतला गोळा. प्रत्येक मोटरीला एक डीपीडीटी स्विच, म्हणजे सहा पायांचं, पुढं-मागं दोन्हीकडं चालवणारं. चार सेल. झाला तारेचा रिमोट. डावी मोटर थांबवून उजवी चालवली की गाडी डावीकडं वळते. बैलगाडी हाकलेल्या घरातल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. एखादं चाक उलटं फिरलं तर त्या मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करायची. दहावीच्या पुस्तकातली डीसी मोटर आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम इथं पहिल्यांदा हाताला लागतो.

"पण ह्याला रोबोट कसं म्हणायचं, कॉम्प्युटर कुठंय?" हेही विचारतात. १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूच्या अभ्यासकानं दोन यांत्रिक कासवं केली होती, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले. तेवढ्यावर ती उजेडाकडं जायची, अडथळ्याला धडकली की वळसा घालायची, आणि बॅटरी उतरली की दिवा लावलेल्या आपल्या खुराड्यात परतायची. प्रोग्रामची एक ओळ नव्हती.

आता बॅटरी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रदर्शनात बंद पडलेल्या रोबोटांमागं बहुतेक वेळा हीच असते. पोरं नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणतात. गाडी हातात उचलून धरली की चाकं गरगर फिरतात, जमिनीवर ठेवली की मुकाट. त्या बॅटरीत साठा कमी, अंतर्गत रोध जास्त. चाकावर भार आला की मोटर जास्त विद्युतधारा मागते आणि बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. मोटर चालू असताना मल्टिमीटर लावून बघितलं की पोरांना हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. म्हणून त्याचा एवढा आग्रह. त्यापेक्षा चार्ज होणारे पेन्सिल सेल बरे. १८६५० नावाचे लिथियम सेल दमदार असतात, एक भरला की ४.२ व्होल्ट, पण शॉर्ट झाला तर आग लागते. होल्डर आणि त्याचाच चार्जर असल्याशिवाय ते हातात देऊ नका. आणि घरातल्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी काढली जातेच, हे मला माहीत आहे. छोट्या गाडीला ती पेलत नाही. भंगारातून जीपची वायपर मोटर आणली तर तिला चालते, पण मध्ये फ्यूज हवाच. नाहीतर तार लाल होते आणि फवारणीच्या दिवशी घरचे बोलतात ते वेगळंच.

तारेच्या रिमोटची गाडी चालायला लागली की एक गोष्ट लक्षात येते: सरळ सोडली तरी ती एका बाजूला ओढते. एकाच दुकानातल्या दोन मोटराही तंतोतंत सारख्या नसतात. मग लेकरू विचारतं, हिला आपलं आपण सावरता येईल का? तेव्हा बोर्ड घ्या. आर्डुइनो उनो हा प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड. त्याची चालण्याजोगी नक्कल स्वस्तात मिळते, सुरुवातीला तीच पुरे. तिच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आसपासच विद्युतधारा घ्यायची असते, मोटरीला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर, म्हणजे बोर्डच्या इशाऱ्यावर बॅटरीची विद्युतधारा मोटरीला देणारं सर्किट. त्यातला एल२९८एन सगळीकडं मिळतो, फक्त तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, तेवढं बॅटरीत जादा धरा. आणि काहीच चालत नसेल तर पहिला प्रश्न: बोर्डचा आणि बॅटरीचा मायनस एकत्र जोडलाय का?

प्रोग्रामिंगची धास्ती पालकांनाच जास्त असते. इंग्रजीतले लागणारे शब्द मोजके आहेत, पोरं ते क्रिकेटच्या शब्दांसारखे उचलतात. घरी लॅपटॉप नसेल तर ओटीजी केबल, म्हणजे मोबाईलला यूएसबीची वस्तू जोडणारी तार, लावून मोबाईलवरूनही प्रोग्राम टाकता येतो.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी मात्र सावलीत करा. तिचा पट्टी ओळखणारा सेन्सर अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालतो, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात ते एवढे असतात की त्याला काळं-पांढरं ओळखूच येत नाही. अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची वेगळी गंमत. तो ध्वनीला जाऊन यायला लागलेला वेळ मोजतो, आणि हिशेबात ध्वनीचा वेग बहुधा सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो. तो झाला २० अंश तापमानाचा. ४२ अंशांत हाच वेग ३५७ च्या जवळ जातो, म्हणून मीटरभर लांबची भिंत ९६ सेंटीमीटरवर दिसते. नववीतला ध्वनीचा धडा शिकवायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

सामानाचं म्हणाल तर कुणी पुण्याला जाणार असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सगळं मिळतं, नाहीतर ऑनलाइन. त्याआधी शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते विचारा. नीती आयोगाची योजना आहे, सहावी ते बारावीसाठी, निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. लॅब असेल तर लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: कपाटाची किल्ली कोणाकडं असते?

आणि सुरुवात आठवी-नववीत करा. लातूर पॅटर्नच्या मुलखात अकरावीच्या लेकराकडं रविवारसुद्धा नसतो. दिवाळीच्या सुट्टीत पुठ्ठा कापायला घेतला तर दहावीच्या आधी आर्डुइनोपर्यंत आरामात पोचता येतं. मुलींचे पालक हळूच विचारतात, "हिला जमंल का?" सोल्डरिंगला, म्हणजे तारा डाग देऊन जोडायला, हात स्थिर लागतो, बाकी काही लागत नाही. तिलाही मल्टिमीटर घेऊन द्या.