सोळा ठिपके

दापोलीत दिवसभर पाऊस, त्यात लाइट नाही. पडवीत खडूने ४×४ ठिपके मांडून ‘श्रीखंडे आलेख’ काढला, म्हणजे ठिपके आणि शेजाऱ्यांना जोडणाऱ्या रेषा. (आईला वाटलं रांगोळी!) प्रत्येक ठिपक्याचे शेजारी ६: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि सगळीकडे एकाच दिशेच्या तिरक्या रेषेतले दोघे. कड आली की समोरच्या कडेतून आत. खरी गंमत पुढे. कुठलेही दोन ठिपके घ्या, सामाईक शेजारी बरोब्बर २! मग एकेकाचे शेजारी हाच गट. गट १६, प्रत्येक जोडी नेमकी २ गटांत. गणितज्ञ शरच्चंद्र श्रीखंडे यांचा हा आलेख १९५९ सालचा, पण नाचणीच्या १६ जातींच्या चाचणीला आजही आयता आराखडा: ठिपका म्हणजे जात, गट म्हणजे एकाच जागी शेजारी-शेजारी पेरायच्या ६ जाती. आमच्या वरकस उतारावर एकसारख्या मातीचे १६ वाफे सलग कुठले मिळायला? ६ मिळाले तरी पुष्कळ.