भट्टी किती मोठी?

रविवार, रात्री

मातीची भांडी भाजायला विजेची भट्टी घ्यायची हे कधीच ठरलंय, अडलंय ते कोणती यावर. आज सगळी कोटेशनं जेवणाच्या टेबलावर पसरली. प्रत्येकावर सगळ्यात ठळक आकडा तापमानाचा: १२०० अंश, १३०० अंश.

माझं स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती) कोन सहाला (कोन हे भाजणीचं माप) पिकतं, म्हणजे साधारण १२२० अंशांना. बिस्क, म्हणजे ग्लेझचा काचेसारखा लेप लावण्याआधीची पहिली भाजणी, तर हजारालाच होते. तरीही भट्टी १३०० चीच हवी, कारण दर खेपेला कमाल तापमानाला ताणलेली, भट्टी तापवणारी कॉईल लवकर जाते. १२०० वाल्या स्वस्त भट्ट्या तिथेच बाद.

आतून फायबरचं (लोकरीसारख्या, उष्णता अडवणाऱ्या तंतूंचं) अस्तर की विटा? फायबरवाली हलकी, भराभर तापते, वीज कमी खाते. पण ती निवतेही तितक्याच भराभर. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झची ठेवण बदलते. तिथे घाई झाली की चांगलं भाजलेलं ताटसुद्धा ‘टण्ण’ करून तडकतं. कंट्रोलरवर निवण्याचाही प्रोग्रॅम लावता येतो म्हणा. पण मला मॅट, बिनचकाकीची ग्लेझ आवडतात आणि त्यांना सावकाश निवणंच मानवतं. शिवाय जुन्या फायबरची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते, आणि आमच्याकडे मागच्या व्हरांड्यात मुलं खेळतात. विटाच.

दुपारी इलेक्ट्रिशियन दादा येऊन गेले. बोर्ड उघडून गीझरची वायर दोन बोटांत धरून दाखवली. “ताई, पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या वर जाऊच नका.” मी बघतेय ती भट्टी पाच किलोवॅटची, म्हणजे बावीस अँपिअरच्या आसपास, तेही तासन्‌तास. मीटरपासून सहा एमएमची तांब्याची वेगळी लाईन, ३२ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि त्याआधी अर्थिंग तपासणं. मंजूर भार वाढवायचा अर्ज वेगळाच.

एक गोष्ट मात्र कोणत्याच माहितीपत्रकात नव्हती. संध्याकाळी आमच्या भागात व्होल्टेज २०० पर्यंत उतरतं. २३० चं २०० झालं की कॉईलची ताकद तीन चतुर्थांशच उरते, कारण हिशोब व्होल्टेजच्या वर्गाचा (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) आहे. म्हणजे शेवटचे शंभर अंश रखडणार. भट्टी पहाटे लावायची, दुपारी चार वाजायच्या आत आटपायची.

आईचा प्रश्न एकच: बिल? पाच किलोवॅट, आठ तास, म्हणजे फार तर चाळीस युनिट. कंट्रोलर मधूनमधून वीज तोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. पण बिस्क आणि ग्लेझ, प्रत्येक मग दोनदा भट्टीत जाणार, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

खरा घोळ आकाराचा. सगळे सांगतात मोठी घे, नंतर पस्तावशील. मला पटत नाही. अठरा इंची भट्टी भरेपर्यंत माझा महिना जाईल. तोवर नवीन ग्लेझ कसं उतरलं ते कळणारच नाही. अर्धवट भरून लावावी तर वीज जवळपास तेवढीच जाते. आतून पंधरा इंची घेतली तर तीन थरांत पंचवीसेक मग बसतात. एवढे माझ्या हातून आठवड्या-दोन आठवड्यांत होतात. मोठ्या परातीची ऑर्डर आलीच तर कुणाच्या तरी भट्टीत जागा मागेन.

तर पंधरा इंची, विटांची, पुढून दाराची. वरून उघडणारी थोडी स्वस्त पडते, पण तळाचं शेल्फ लावायला त्यात कंबरेतून वाकावं लागतं आणि माझी कंबर चाकावरच पुरेशी वाकते. उद्या फोन करून कॉईलचा एक जादा सेट आणि पायरोमीटरची (भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या यंत्राची) जादा वायर याच ऑर्डरमध्ये घालायला सांगायचंय. भाव मात्र दादांचा वायरिंगचा आकडा आल्यावरच पक्का करेन.