आमची वाटचाल: खालून कापलेल्या पट्ट्या

लग्न होऊन परळला आले तेव्हा सासूबाईंचं अल्टरेशनचं टेबल चाळीच्या जिन्याखाली होतं. टेबलाखाली एक कापडी पिशवी, आणि तिच्यात कुर्त्यांच्या, पलाझोंच्या, गाऊनच्या खालून कापलेल्या पट्ट्या. कुणाची तीन इंचांची, कुणाची पाच. लेस, भरतकाम, काठ सगळं कपड्याच्या खालच्या घेरालाच असतं. म्हणजे ज्या काठावर भाळून बाईने कुर्ता घेतला, नेमका तोच आमच्या पिशवीत जमा व्हायचा. माझेही दोन कुर्ते असेच गेले. माझी उंची चार फूट अकरा.

एका दुपारी मी 'स्मॉल' मापाचा तयार कुर्ता घातला आणि सासूबाईंना टेप लावायला सांगितलं. छातीत बरोबर. पण खांद्याची शिवण हाडाच्या पलीकडे उतरलेली, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खोल, आणि कंबरेचा आकार माझ्या कंबरेच्या दोन इंच खाली. स्मॉल म्हणजे अरुंद, आखूड नव्हे, हे त्या दिवशी टेपवर वाचलं. अमेरिकेत पाच फूट चार इंच आणि त्याखालच्या बायकांसाठी 'पेटीट' हे वेगळंच माप असतं, आणि त्याचा संबंध उंचीशी असतो, बारीक असण्याशी नाही. छाती चाळीस असलेली पाच फुटी बाईही त्यात येते. आपल्याकडे तर बायकांची सरासरी उंचीच पाच फुटांच्या आसपास, तरी सगळा माल शिवायचा उंच बाईसाठी आणि कापायचा आमच्या टेबलावर!

मग बुटक्या बायकांसाठी आपणच कपडे शिवायचं ठरवलं. कटिंग मास्टरांना मी वेगळा फर्मा, म्हणजे कापड कापायचा साचा, मागितला तर ते म्हणाले, "ताई, खालून चार इंच उडवा, झालं." आठवडाभर हुज्जत चालली. शेवटी मांजरपाटाचे तीन नमुने शिवले. तिसऱ्यात ते चार इंच आम्ही वाटून टाकले: थोडे खांदा आणि छातीच्या मध्ये, थोडे कंबरेच्या वर, थोडे कंबर आणि सीटच्या (नितंबांच्या) मध्ये, उरलेले खाली. मुंढाही वर घेतला. मास्टर नमुन्याकडे बघत राहिले आणि चहा मागवला. आजही तोच फर्मा चालतो.

जॅकेटांचं वेड नंतरचं. मुंबईत एकावर एक कपडे कोण घालणार, असं सासूबाईंचं म्हणणं, आणि मे महिन्यात ते खरंच आहे. पण ऑफिसातला एसी असा, की टेबलाशी बसलेली बाई दहा वाजताच शाल पांघरते. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल आली, तेव्हापासून काही गिऱ्हाइकांना गाडीतही काहीतरी अंगावर हवं झालं. म्हणजे हवं होतं ते हिवाळ्यासाठी नव्हे. घडी करून पर्समध्ये जाईल असं.

आणि आम्ही काय शिवलं? जाड खादीची चाळीस जॅकेटं, मोठी कॉलर, बाहेरून लावलेले खिसे, लांबी बरोबर सीटच्या सगळ्यात रुंद जागेवर. आरशासमोर प्रत्येकजण शेजारणीचा कोट मागून आणल्यासारखी दिसायची. नऊ विकली गेली. चूक सर्वस्वी माझी. उरलेल्या एकतीसांपैकी बरीच आम्ही कंबरेपर्यंत आखूड केली, खिसे काढले, आणि तीच पंधरा दिवसांत संपली.

तेव्हापासून आमचं जॅकेट एक तर कंबरेशी थांबतं, नाहीतर समोरून उघडं राहून गुडघ्याच्या बरंच खाली जातं. मधे थांबलं की शरीराचे दोन सारखे तुकडे पडतात आणि पाय आखूड दिसतात. लांब जॅकेटच्या आत कुर्ता आणि पॅन्ट एकाच रंगाची ठेवायची. दोन कडांच्या मधून गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच उभी पट्टी दिसते, सगळी जादू तिचीच. कापड मलमल किंवा कॅम्ब्रिक. दोन थर अंगावर आले की जाड कापड आडवं फुगतं. बाही मनगटाच्या वर, म्हणजे हात मोकळा दिसतो. वर ओढणी हवीच असेल तर एका खांद्यावर चुण्या घालून पिन करा; दोन्ही खांद्यांवर पसरलेली ओढणी मला तरी रजईसारखी वाटते. बुटक्या बायकांनी आडवे पट्टे घालू नयेत, हा नियम मात्र मी मानत नाही. बारीक पट्टे बिनधास्त घाला.

एका जुलैत हिंदमाताला पाणी भरलं आणि तिथे ठेवलेले सहा तागे गेले. हिंदमाताला पाणी भरतं हे अख्ख्या मुंबईला माहीत असताना तळमजल्यावर कापड ठेवणारी मी एकटीच असेन. लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही.

हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आणि वरच्याला १२, म्हणून आमचं जॅकेट वर्षानुवर्षं नऊशे नव्वदला अडकलं होतं आणि आत अस्तर परवडत नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा अडीच हजारांवर गेली. आता मुंढ्यापुरतं अस्तर घालतो आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो.

वडाळ्याच्या गाळ्यात आरसा खाली टांगलाय, कपड्यांचे दांडेही. मागच्या महिन्यात पाच फूट आठ इंचांची एक मुलगी आली, आरशात स्वतःला हनुवटीपर्यंतच बघून हसली आणि म्हणाली, "काकू, माझ्या मापाचं काही?" तिला म्हटलं, बाई गं, बाकी सगळा बाजार तुझाच आहे. जाताना आईसाठी एक आखूड जॅकेट घेऊन गेली.