सनबर्स्टवर उमटलेला हात

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापणं, नेक घडवणं, फ्रेट ठोकणं ही कामं बघायला सगळ्यांना आवडतात. त्यानंतर गिटार माझ्याकडे येते आणि तिथून पुढे बघण्यासारखं फारसं काही उरत नाही. पेपर मारायचा, पुसायचं, लॅकरचा हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा पेपर. "आता काय, रंगच तर द्यायचाय," असं आमचा बॉडी घडवणारा जोडीदारसुद्धा म्हणतो. त्याचं काम संपतं तेव्हा माझं निम्मंही झालेलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी म्हणतो.

ही गिटार महोगनीची होती, वर आडव्या लहरींच्या मेपलचा पातळ थर. महोगनीची रंध्रं उघडी असतात. ती फिलरने नीट बुजवली नाहीत, तर आज आरशासारखा दिसणारा लॅकर काही महिन्यांनी त्या रंध्रांत बसतो आणि पृष्ठभागावर बारीक खाचा दिसू लागतात. मेपलला फिलर लागत नाही, पण ते वेगळाच त्रास देतं. कोऱ्या लाकडावर रंग चोळला की कुठे जास्त पितं, कुठे कमी. याच लहरीपणाचा आम्ही फायदा घेतो. आधी काळा रंग चोळायचा, वाळल्यावर पेपर मारून जवळजवळ सगळा काढून टाकायचा. जिथे तंतू वळून वर आलेले असतात तिथे तो खोल गेलेला असतो, तेवढाच मागे राहतो. मग त्यावर मधासारखा पिवळा. लहरी अशा उठून येतात की बघणाऱ्याला वाटतं लाकूडच तसं होतं. अर्धं खरं आहे ते.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण वादक. त्याला हवा होता फिकुटलेला सनबर्स्ट. १९५८ ते १९६० या काळातल्या गिब्सन लेस पॉल गिटारींवर कडेला चेरी लाल आणि मध्ये पिवळा असा रंग असे. त्यातला लाल उन्हाने उडून जायचा, म्हणून त्यातल्या कित्येक गिटारी आज लिंबासारख्या पिवळ्या किंवा चहासारख्या तपकिरी दिसतात. कारखान्याच्या दृष्टीने तो दोषच होता. आता लोक तोच दोष मुद्दाम मागवतात. मला यात हसू येतं, पण काम म्हणून असा रंग साधायला फार आवडतो, कारण त्याला नमुना नसतो. कडेचा तपकिरी कुठे संपला आणि पिवळा कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येऊ नये, एवढंच पाहायचं. स्प्रे गनचा दाब कमी, रंग पातळ, हात सतत हलता. एकदा जमलेला बर्स्ट दुसऱ्यांदा तसाच येत नाही. माझा तरी येत नाही.

हा जमला होता. संध्याकाळी उशिरा शेवटचा रंगाचा हात देऊन मी बॉडी टांगून ठेवली आणि मागच्या खोलीत गन धुवायला गेले. तेवढ्या वेळात हे महाशय आपली गिटार कुठवर आली ते बघायला आले होते आणि जोडीदाराने त्यांना आत सोडलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी मी बॉडीवर फक्त हवा मारली. नुसत्या रंगाच्या हातावर फडकं फिरवायचं नसतं, रंग ओढला जातो. मास्क चढवला, पंखा सुरू केला, पारदर्शक लॅकरचा पहिला हात दिला. गन बाजूला ठेवून वळते तोच वरच्या कडेला काहीतरी हललं.

हललं म्हणजे खरोखर हललं. तेलकट ताटलीवर पाणी पडल्यावर जसं आखडतं, तसा ओला लॅकर एका जागेपासून मागे सरकत होता. टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे, प्रत्येकाभोवती छोटी उंच कड. याला फिश आय म्हणतात. असे दोनचार खड्डे कधीमधी येतात, त्याने कोणी घाबरत नाही. इथे मात्र एकामागून एक उघडत गेले, आणि बघता बघता त्यांना आकार आला. वरच्या कडेला, वादकाचा उजवा हात टेकतो तिथे, लांबट अंडाकृती पट्टा. खालच्या शिंगावर, म्हणजे नेकजवळ पुढे आलेल्या बॉडीच्या टोकावर, चार ठिपक्यांचे पुंजके, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. ती चार बोटंच होती. कोणीतरी ही बॉडी अंगाशी धरून वाजवायच्या पवित्र्यात उभं राहिलं होतं.

जोडीदाराला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि आदल्या संध्याकाळची हकीकत सांगितली. मी तिथूनच वादकाला फोन लावला.

"काल हाताला काय लावलं होतंस?"

"काही नाही हो ताई. हात स्वच्छ होते, धुऊन आलो होतो."

"हाताला म्हणजे मनगटाच्या वर. क्रीम, तेल, काहीही?"

थोडं थांबून म्हणाला, "सनस्क्रीन. पण ते तर सकाळी लावलं होतं."

सकाळी लावलं काय आणि संध्याकाळी लावलं काय. सनस्क्रीन, हाताची क्रीम, केसांची सिरम, यांतल्या बऱ्याच गोष्टींत डायमेथिकोन असतं, म्हणजे सिलिकोन. त्वचा मऊ वाटते ती त्यामुळे. सिलिकोनचा पृष्ठताण इतका कमी असतो की वरून आलेला लॅकर त्याच्यावर पसरूच शकत नाही, बाजूला होतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा अंश त्याला पुरतो. फिनिशिंगच्या खोलीत फर्निचर चकचकीत करायचा फवारा आणू नये म्हणतात ते याचसाठी.

आता काय करायचं? ओला लॅकर थिनरने पुसून टाकणं सगळ्यांत सोपं. पण माझा बर्स्टही लॅकरमध्येच मिसळलेला होता. थिनर लागला की तोही उतरला असता, लाकडापर्यंत. दुसरा उपाय बाटलीत मिळतो. लॅकरमध्ये थोडं सिलिकोनच मिसळायचं, म्हणजे सगळ्याचा पृष्ठताण सारखा होतो आणि खड्डे पडत नाहीत. बरेच चांगले कारागीर ते वापरतात. मी नाही वापरत. एकदा ते गनमध्ये गेलं की गन, नळी, बूथची भिंत, सगळीकडे त्याचा अंश राहतो आणि पुढच्या प्रत्येक कामात ते घालणं भाग पडतं. तिसरा उपाय म्हणजे वरून जाड हात देऊन खड्डे बुडवणं. तसे ते बुडत नाहीत, खोल होतात, आणि वर ओघळ येतात.

म्हणून मी त्या वेळी करण्यासारखी एकच गोष्ट केली. गन ठेवली, दार लावलं आणि बाहेर येऊन बसले. या धंद्यात सगळ्यांत अवघड काय असेल तर चुकलेलं काम डोळ्यांसमोर असताना त्याला हात न लावणं. अर्धवट वाळलेल्या लॅकरवर पेपर मारला तर तो गोळा होतो. त्यामुळे वाट बघायची. जोडीदार दोनदा येऊन विचारून गेला, "काही करता येईल का?" त्याला दुसऱ्यांदा मी जरा तोडूनच उत्तर दिलं.

लॅकर पूर्ण वाळल्यावर मग काम सुरू केलं. नॅफ्थाने, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या पातळ द्रावकाने, पुसायचं. नॅफ्था वाळलेल्या लॅकरला धक्का लावत नाही, पण सिलिकोन तो नाहीसा करत नाही, फक्त उचलतो. तेच फडकं पुन्हा फिरवलं तर उचललेलं दुसरीकडे लागतं. म्हणून एक फडकं, एकाच दिशेने एकदा, आणि फेकून द्यायचं. जुन्या सुती चादरीचा सगळा साठा त्यात गेला. त्यावर लाख, मेण काढलेली, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. जगभर फिनिशिंग करणाऱ्यांचा हा जुना आधार आहे. लाख कशालाही चिकटते, तिच्यावर जवळजवळ काहीही चिकटतं, आणि खालचा तेलकटपणा ती वर येऊ देत नाही. पण ओली लाख ओतून चालत नाही, स्पिरिटने लॅकर मऊ पडतो. गन लांब धरून नुसतं धुकं सोडायचं, जे पृष्ठभागावर पोचेपर्यंत निम्मं वाळलेलं असतं. असे पातळ पातळ हात. त्यानंतर लॅकरही आधी तसाच, कोरडा, खरबरीत. पहिला ओला हात देताना माझा श्वास मास्कमध्ये अडकला होता. पट्टा शांत राहिला. चार बोटंही.

खड्डे मात्र होतेच. ते एकेक करून भरायचे होते. बारीक ब्रशच्या टोकाने लॅकरचा थेंब ठेवायचा, तो आटून खाली बसला की पुन्हा थेंब, काठाच्या किंचित वर येईपर्यंत. इथे मला मी वापरते त्या नायट्रोसेल्युलोज लॅकरची बाजू घ्यावीच लागेल. त्याच्याबद्दल गिटारवाल्यांत बरीच भक्ती आहे. लाकडाला श्वास घेऊ देतो, आवाज मोकळा येतो वगैरे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप तारेचं कंपन टिपतो. वरच्या फिनिशचा त्यावर कानाला कळेल इतका परिणाम होतो यावर माझा तरी विश्वास नाही. जुन्या कारखान्यांनीही तो आवाजासाठी निवडला नव्हता. १९२०च्या दशकात मोटारगाड्यांसाठी हा लॅकर आला, लवकर वाळायचा आणि बफ करायला सोपा होता, म्हणून गिटारींवर चढला. फेंडर या गिटार कंपनीचे कितीतरी रंग सरळ मोटारींच्या रंगपट्टीतून उचललेले आहेत. पुढे १९६८च्या सुमाराला त्यांनी जाड पॉलिएस्टरकडे मोर्चा वळवला.

पण नायट्रोचा एक गुण भक्तीशिवायही खरा आहे. नवा हात जुन्या हाताला विरघळवून त्यात मिसळतो. दहा हात दिले तरी शेवटी थर एकच. मी खड्ड्यात ठेवलेला प्रत्येक थेंब काठाशी एकजीव होत गेला. पॉलियुरेथेन असतं तर प्रत्येक थराची कड वेगळी राहिली असती, आणि पेपर मारताना नकाशावरच्या रेषांसारखी कडी दिसली असती. पॉलियुरेथेन जास्त टणक असतं, थंडीने तडकत नाही, रबराच्या स्टँडला चिकटत नाही, हे सगळं मान्य. पण त्या दिवशी ते असतं तर ही बॉडी मला लाकडापर्यंत खरवडावी लागली असती.

मग पुन्हा वाट बघणं, या वेळी आठवड्यांची. लॅकरमधला थिनर सावकाश निघतो आणि तो निघेपर्यंत थर आक्रसत राहतो. घाईने बफ केलेली गिटार नंतर लहरी दाखवते. माझी परीक्षा नाकाची: बॉडीला नाक लावून थिनरचा वास येईनासा झाला की पुढे जायचं.

लेव्हलिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, कडक ठोकळ्यावर ८०० नंबरचा पेपर. घासलेला भाग मंद होतो आणि जिथे पेपर पोचला नाही तिथे चकाकी राहते. म्हणजे प्रत्येक खळगा स्वतःच आपला पत्ता सांगतो. मंद पृष्ठभागावर चकाकीची बेटं दिसतात, ती आकसत जातात, ठिपके होतात, संपतात. तिथेच थांबायचं. त्यापुढचा एक फेराही जास्त. कडांवर लॅकर सगळ्यांत पातळ असतो, तिथे दोन घास जादा झाले की रंग उघडा पडतो, आणि बर्स्टमध्ये उघडी पडलेली कड लपवता येत नाही. हाताच्या पट्ट्यापाशी मी ठोकळा सोडून बोटांनी पेपर धरला, आणि शिंगावरच्या चार जागांना पेन्सिलच्या मागच्या रबरावर कापलेला तुकडा लावून. स्क्रूच्या भोकांजवळ पाणी वापरत नाही, नॅफ्था घेते. भोकात पाणी मुरलं तर लाकूड फुगतं आणि भोकाभोवती लॅकर फाटतो.

१०००, १५००, २०००, मग बफिंगचं चाक. चाकावर शिंग नेहमी खालच्या दिशेला धरायचं, नाहीतर चाक गिटार हातातून हिसकावून जमिनीवर आपटतं. एका जागी थांबायचंही नाही, उष्णतेने लॅकर मऊ होतो. या टप्प्यात मी कोणाशी बोलत नाही.

पुसून बॉडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. प्रकाशाची पट्टी वरच्या कडेपासून शिंगापर्यंत सरळ गेली, कुठे मोडली नाही, कुठे थरथरली नाही. किंचित कलती केली तर मेपलच्या लहरी फिरल्या: ज्या उजळ होत्या त्या काळ्या झाल्या, काळ्या होत्या त्या उजळल्या. मी ते बराच वेळ करत राहिले. जोडीदारही येऊन उभा राहिला. त्याने बोट पुढे केलं, मग आठवण होऊन खिशात घातलं.

जोडणी झाली, तारा चढल्या, वादक आला. या वेळी बाह्या मनगटापर्यंत खाली ओढून. त्याला जागा दाखव म्हटलं, तर त्याने डोळे बारीक करून सगळी बॉडी पालथी घातली आणि भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं. मला झालेला आनंद मी लपवला नाही. मग तो बसून वाजवू लागला. बराच वेळ वाजवलं. थांबला, नेकच्या मागे तळवा दोनदा वरखाली केला आणि अवघडून म्हणाला, "ताई, एक सांगू? राग मानू नका. नेक फार चकचकीत झालाय. हाताला घाम आला की अडकतो. इथली चकाकी घालवता येईल का?"

येते. पुष्कळ वादक हेच मागतात, आणि ते बरोबरच असतं. मी नेकच्या दोन्ही टोकांना, हेडस्टॉकच्या आणि टाचेच्या बाजूला, टेप लावली, पिकअपवर कापड टाकून कडा बंद केल्या, कारण लोखंडी काथ्याचा भुगा पिकअपमधल्या लोहचुंबकाला चिकटला की निघत नाही. मग सगळ्यांत बारीक काथ्या घेतला आणि त्याच्या देखत नेकच्या मागची ती सगळी आरशासारखी चकाकी, लाकडाच्या शिरेच्या दिशेने, घासून मंद करायला बसले.